'पेनिसिलिन चालत नाही'

केसपेपरवर कधीतरी लाल शाईने लिहिलेली ही ॲलर्जीची ओळ वर्षानुवर्षं तशीच उतरवली जाते. धडधाकट माणसाचं त्यामुळे क्वचितच अडतं. पण सिस्टिक फायब्रोसिस किंवा ब्रॉन्किएक्टेसिस हे फुफ्फुसांना ग्रासणारे जुनाट आजार असलेल्यांच्या श्वासनलिका रुंद होऊन सैलावलेल्या असतात, आत कफ साचतो आणि त्यात स्यूडोमोनाससारखा चिवट जंतू ठाण मांडतो. त्याच्यावर लागू पडणारी औषधं मोजकीच, आणि त्यांतली बरीचशी पेनिसिलिनच्याच गोतावळ्यातली: पिपरासिलिन, सेफ्टाझिडीम, मेरोपेनेम. ती वगळली तर टोब्रामायसिनसारख्या औषधांवर भार येतो, आणि ती कानांना व मूत्रपिंडांना बाधू शकतात.

मुळात ती ओळ खरी असते का? ॲलर्जीची नोंद असलेल्या दर 10 जणांपैकी 9 जणांना तपासणीनंतर पेनिसिलिन बिनधोक चालतं. लहानपणचं पुरळ बऱ्याचदा विषाणूमुळे आलेलं असतं. खरी ॲलर्जीही 10 वर्षांत बहुतेकांची ओसरते. मात्र सिस्टिक फायब्रोसिसमध्ये शिरेतून मोठे डोस वारंवार दिले जातात, त्यामुळे खऱ्या ॲलर्जीही जास्त दिसतात. पिपरासिलिनने आठवडाभराने ताप आणि पुरळ येणं तिथे नवं नाही. म्हणून ओळ नुसती खोडूनही चालत नाही.

ॲलर्जी खरी आणि औषधही तेच हवं, अशा वेळी डिसेन्सिटायझेशन करतात, म्हणजे शरीराला त्या औषधाची हळूहळू सवय लावतात. रुग्ण मॉनिटरला जोडलेला, ॲलर्जीचा झटका आवरणारं ॲड्रेनलिन हाताशी. पहिला डोस नेहमीच्या डोसाच्या दहा हजाराव्या भागाइतका, किंवा त्याहूनही कमी. मग दर 15-20 मिनिटांनी साधारण दुप्पट. काही तासांत पूर्ण डोस अंगात जातो आणि ॲलर्जी उसळवणाऱ्या मास्ट पेशी गप्प राहतात. पण ही सवय तात्पुरती असते. औषध एक-दोन दिवस तुटलं, की पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरुवात. आणि ज्या औषधाने पूर्वी कातडी सोलवटली किंवा तोंडात फोड आले, त्याच्या वाटेला पुन्हा जायचंच नाही.

अडचण ही, की औषधाची गरज पडते तेव्हाच फुफ्फुसं सगळ्यांत दुबळी असतात आणि ॲलर्जीचा झटका सोसायची ताकद नसते. म्हणूनच तपासणी प्रकृती ठीक असताना करून घ्यायला हवी, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तोवर वहीत लिहून ठेवा: औषधाचं नाव, वर्ष, कितव्या डोसानंतर आणि किती तासांनी काय झालं. पुरळ उठलं असेल तर त्याचा फोटोही.