पाटीवर ‘नर्सिंग होम’ आहे, म्हणून आजी तिथे राहतील का?

‘घरी शुश्रूषा जमत नसेल तर जवळचं नोंदणीकृत नर्सिंग होम गाठा, तिथे पेशंटला कितीही महिने ठेवतात,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय.

गोंधळ शब्दामुळे होतो. परदेशात नर्सिंग होम म्हणजे दीर्घकाळ काळजी घेणारं निवासस्थान. आपल्याकडे नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत हीच पाटी बहुतेक छोट्या खासगी दवाखान्यावर असते: प्रसूती, ऑपरेशन, चार-सहा दिवसांत सुट्टी. राज्याचा नोंदणी कायदा 1949 चा. त्यात आजारी माणसांना ठेवून उपचार करणारी जागा म्हणजे नर्सिंग होम. म्हणजे नोंदणी हवीच, पण महिनोन्‌महिने शुश्रूषा मिळेल असं ती सांगत नाही.

तपासायचं कसं? प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. मग थेट विचारा: पक्षाघाताचा पेशंट दोन महिने ठेवाल का? रात्रपाळीला प्रशिक्षित नर्स असते की फक्त आया? आया मायेनं करतात, पण नाकातल्या नळीची जबाबदारी नर्सचीच.

आणि शक्य असेल तर नळीतून जेवण देण्याच्या वेळी जा. डोक्याकडची बाजू उंच केलीय का, बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात. त्याची वेळ लिहिलेला कागद मागा. टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा रोज कोण पाहतं, हेही विचारा.