अनोळखी क्यूब हाती आला की

नेहमीचा तीन बाय तीनचा रुबिक क्यूब सुटायला लागला की बहुतेकांची नजर दुकानातल्या विचित्र आकारांकडे वळते. चार तोंडांचा पिरॅमिंक्स, बारा तोंडांचा मेगामिंक्स, मधोमध आरपार भोकं असलेला व्हॉइड क्यूब, फिरवताच वेडावाकडा होणारा फिशर क्यूब. यातला एखादा घरी आणून विस्कटला की दहा मिनिटांत माणूस मोबाइल उघडून त्याची सूत्रं शोधू लागतो. असं करू नका. अशी बरीच कोडी एकाच कल्पनेने सुटतात, आणि ती कल्पना स्वतः वापरून पाहण्यातच या छंदाची खरी गोडी आहे.

शाळेत क्रमनिरपेक्षता शिकवतात: ३ × ५ आणि ५ × ३ सारखेच. क्यूबमध्ये मात्र क्रम बदलला की निकाल बदलतो. किती बदलतो, याचं मोजमाप सोपं आहे. पहिली चाल करा, दुसरी करा, पहिली उलट करा, दुसरी उलट करा. दोन्ही चाली रद्द झाल्या, तरी क्यूब पूर्वीसारखा होत नाही. जो फरक उरतो तो दोन्ही चालींच्या वाटेत येणाऱ्या सामाईक जागांमुळे. गणितात या चौकडीला कम्युटेटर म्हणतात. सामाईक जागा नेमकी एकच असेल, तर नेमके तीन तुकडे आपापसांत जागा बदलतात आणि बाकी सगळे जिथल्या तिथे राहतात. म्हणून नवीन कोडं हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा: शेजारच्या दोन बाजू फिरवल्या, तर दोन्हीकडे जाणारे तुकडे किती?

पिरॅमिंक्स हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. उवे मेफर्ट यांनी १९७० च्या दशकात कल्पिलेलं हे चतुष्फलक. चार टोकं नुसती गोल फिरतात, ती धरायचीच नाहीत. उरलेल्या मांडण्या ९,३३,१२०, आणि त्यातली कोणतीही जास्तीत जास्त ११ चालींत सुटते. टोकांखालचे चार तुकडे रंगाला रंग लावून बसवले की कडेचे सहा तुकडे तेवढे राहतात. आता उजवा कोपरा आणि डावा कोपरा पाहा. प्रत्येक कोपरा फिरला की कडेचे तीन तुकडे हलतात, आणि दोघांत सामाईक तुकडा एकच, दोन कोपऱ्यांच्या मधल्या कडेवरचा. म्हणजे उजवा, डावा, उजवा उलट, डावा उलट या चार चालींनी फक्त तीन कडा फिरतात. सुटलेल्या पिरॅमिंक्सवर ही चौकडी तीनदा करून पाहा, तो पुन्हा सुटलेला दिसेल.

तीन बाय तीनच्या क्यूबवर हीच चौकडी इतकी नितळ चालत नाही. उजवी बाजू ‘आर’, वरची ‘यू’, खालची ‘डी’, आणि उलट दिशेसाठी वर स्वल्पविराम, ही जगभरची पद्धत. ‘आर’ आणि ‘यू’ यांच्यात कडेचा एक तुकडा सामाईक, पण कोपरेही दोन. म्हणून ‘आर यू आर’ यू’’ केल्यावर तीन कडा फिरतातच, शिवाय चार कोपरे विस्कटतात. हीच मालिका तीनदा केली तर कडा जागेवर येतात आणि कोपऱ्यांच्या दोन जोड्यांची अदलाबदल तेवढी उरते. सहादा केली की सगळं मूळपदावर.

फक्त तीन कोपरे हलवायचे असतील तर सामाईक भाग कापून लहान करावा लागतो. त्यासाठी ‘आर यू आर’’ ही पूर्ण मालिका एक चाल मानायची. ती खालच्या थरावर काय करते ते नीट न्याहाळा: पुढचा उजवा कोपरा वर उचलला जातो, त्या जागी वरचा दुसरा कोपरा येऊन बसतो, आणि खालच्या थरातलं दुसरं काहीही हलत नाही. आता खालचा थर ‘डी’ एकदा फिरवा, म्हणजे त्या जागी शेजारचा कोपरा येईल. मग ‘आर यू’ आर’’ करून उचललेला कोपरा खाली उतरवा, आणि ‘डी’’ करा. एकूण आठ चाली, तीन कोपरे, बाकी क्यूब जसाच्या तसा. पाठ करण्यापेक्षा ‘उचला, सरकवा, उतरवा, परत सरकवा’ एवढं डोळ्यांसमोर ठेवलं तर ही युक्ती विसरली जात नाही.

मेगामिंक्सवर तीच आठ चालींची मालिका जशीच्या तशी लागू पडते. त्याला २० कोपरे, ३० कडा आहेत आणि प्रत्येक बाजू ९० ऐवजी ७२ अंशांनी वळते, पण तिथेही एका कोपऱ्यापाशी तीनच बाजू भेटतात. ‘डी’च्या जागी समोरच्या आणि उजव्या बाजूंमधल्या कडेच्या खालच्या टोकाला भिडणारी बाजू घ्यायची. स्क्यूब मात्र हट्टी. टोनी डरहॅम यांच्या या कोड्यात प्रत्येक चालीत निम्मा घन फिरतो, त्यामुळे सामाईक तुकडे भरपूर आणि साधी चौकडी बरंच काही हलवते. तिथे लहान मालिका करून कोणते तुकडे कुठे गेले हे वहीत लिहून ठेवणं हाच मार्ग. सुटलेल्या कोड्यापासून सुरुवात करा, विस्कटलेल्यावर काही कळत नाही.

एवढं करूनही शेवटी दोनच तुकडे अडतात, तेव्हा हात थांबतो. कात्सुहिको ओकामोतो यांच्या व्हॉइड क्यूबमध्ये मधले तुकडेच नाहीत, त्यामुळे आपण क्यूब त्याच्या अदृश्य मधल्या तुकड्यांच्या तुलनेत पाव फेरा वळवून सोडवला हे कळत नाही, आणि शेवटी अशक्य वाटणारी दोन तुकड्यांची अदलाबदल समोर येते. उपाय: मधला एक थर ९० अंशांनी फिरवा आणि पुन्हा सोडवा. टोनी फिशर यांच्या फिशर क्यूबमध्ये एकच कड उलटी राहिल्यासारखी दिसते. दुसरी उलटी कड मधल्या थरात असते, पण ती एकाच रंगाची असल्याने दिसत नाही. मधल्या थरातली एक कड काढून उलटी बसवली की काम होतं. तिथल्या बाजूच्या मधल्या तुकड्यावर दोन रंग असतात. तो १८० अंशांनी उलटा असेल तर ती बाजू वर धरून ‘आर यू आर’ यू’ पाच वेळा करा (इथे शेवटची ‘यू’ चाल सरळ, उलट नाही). फक्त तोच तुकडा फिरतो.

कधी कधी दोष आपल्या डोक्याचा नसतोच. सैल क्यूबमध्ये झटका बसून एखादा कोपरा जागच्या जागी पिळला जातो, आणि मग तो कितीही चाली करून सुटत नाही. बोटांनी परत पिळला की झालं. क्यूब पूर्ण उघडून तुकडे कसेही बसवले, तर तो सुटण्याजोगा निघण्याची शक्यता १२ पैकी फक्त १: कोपऱ्यांच्या पिळाचे ३ प्रकार, कडांचे २, अदलाबदलींची संख्या सम की विषम याचे २. म्हणून उघडलेला क्यूब नेहमी सुटलेल्या स्थितीतच जोडावा.

अडखळणारा क्यूब जोर लावून फिरवू नये. मधल्या तुकड्यांवरची टोपणं नखाने उचकटली की खाली स्क्रू दिसतात. सगळे सारखेच, एका वेळी पाव फेरा, सैल करा. मग सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब आत टाकून थोडा वेळ फिरवत राहा. शिवणयंत्राचं तेल टाळा, खनिज तेलाने काही प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ होतं. खोबरेल तर नकोच, हिवाळ्यात ते आतच गोठतं.