चौथीनंतरची वाटणी

1960च्या दशकात फिनलंडमध्ये चौथी संपली, की मुलाची पुढची वाट ठरायची. वय जेमतेम अकरा. प्रवेश परीक्षा पास झालं तर ‘ओप्पिकोउलू’, म्हणजे पुढे विद्यापीठापर्यंत नेणारी शाळा, आणि तिथे सहसा फी भरावी लागे. नाहीतर साध्या शाळेत आणखी काही वर्षं काढायची आणि कामाला लागायचं. अकराव्या वर्षी परीक्षेत उतरते ती मुलाच्या बुद्धीइतकीच घरची शिकवण, म्हणून ही पद्धत मला अन्यायाचीच वाटते.

1968च्या कायद्याने ती मोडली. सात ते सोळा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आली. पण सगळीकडे एकदम नाही: 1972 मध्ये उत्तरेच्या लॅपलँडपासून सुरुवात झाली आणि हेलसिंकीची पाळी 1977 मध्ये आली. हा टप्प्याटप्प्याचा कारभार पुढे संशोधकांच्या चांगलाच पथ्यावर पडला. 1964 साली जन्मलेला लॅपलँडचा मुलगा नव्या शाळेत शिकला, त्याच वयाचा हेलसिंकीचा मुलगा मात्र जुन्या चाळणीतून गेला.

आता या दोघांची थेट तुलना चालत नाही, कारण मुळात दोन्हीकडची परिस्थितीच वेगळी. म्हणून तुओमास पेक्करिनेन, रोपे ऊसितालो आणि सारी केर या अर्थशास्त्रज्ञांनी वजाबाकी केली. नवी शाळा आली तिथे आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांत किती फरक पडला? त्याच काळात ती आली नव्हती तिथे किती पडला? पहिल्यातून दुसरा वजा केला, की उरतो तो शाळेचा परिणाम.

2009 मध्ये त्यांनी उत्तर छापलं. जुन्या पद्धतीत वडिलांच्या कमाईत 10 टक्क्यांचा फरक असेल, तर मोठेपणी मुलग्यांच्या कमाईत सरासरी 3 टक्क्यांचा दिसे. नव्या पद्धतीत तो 2.3 टक्क्यांवर आला. म्हणजे बापाच्या खिशाची पकड जवळपास चौथ्या हिश्शाने सैल झाली.

मग हुशार मुलांचं नुकसान झालं का? फिनलंडमध्ये पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची असल्याने तिथल्या चाचण्यांचे गुण हाताशी होते. गणित आणि तर्क यांची सरासरी हलली नाही, भाषेची किंचित वाढली. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचे गुण मात्र स्पष्ट सुधारले.

आणि हे सगळं वाटणी पुरती संपलेली नसताना. गणित आणि परकीय भाषांसाठी वरच्या वर्गांत सोपे-अवघड असे वेगळे गट 1985 पर्यंत चालूच होते. ही मुलं तोवर शाळेतून बाहेरही पडली होती.