काळा डबा मागू नका: ऑइल फिल्टर वेगळा, डिझेल फिल्टर वेगळा

"आण्णा, पिकअपचा फिल्टर द्या की एक."

"कुठला?"

"तो काळा डबा असतोय बघा, फिरवून बसवायचा. परवाच नवा टाकलाय, पण गाडी घाटात ओढतच नाही. डुप्लिकेट दिलासा काय?"

सांगली-मिरज रस्त्याला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि असला संवाद आठवड्यातनं एकदा तरी होतोच. या वेळचे पाहुणे चिपळूणला हळद उतरवून आले होते. येताना नारळ भरले, आणि कुंभार्ली घाट चढताना गाडी पहिल्या गिअरवर आली. त्यांच्या खिशातलं बिल पाहिलं. परवा त्यांनी नेला होता तो ऑइल फिल्टर, आणि तो अस्सल होता. चूक एवढीच की ऑइल फिल्टर चोंदल्यामुळे सहसा गाडीची ओढ कमी होत नाही. ओढ कमी होते ती डिझेल फिल्टरमुळे.

दोष पाहुण्यांचा नाही. दोन्ही डबे काउंटरवर शेजारी ठेवले तर भावाभावांसारखे दिसतात. दोन्ही पत्र्याचे, वर मधोमध आट्यांचं भोक, भोवती बारीक भोकांची रांग आणि कडेला रबराची रिंग. फरक बघायचा तर डबा उलटा करायचा. ऑइल फिल्टरचं बूड सपाट आणि बंद असतं. डिझेल फिल्टरच्या बुडाला बहुतेक वेळा पाणी सोडायचा स्क्रू असतो, नाहीतर सेन्सर किंवा वाटी बसवायची जागा. अलीकडच्या बऱ्याच बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत डिझेल फिल्टरला सरळ पाइपच जोडलेले असतात, तिथे गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो जुन्या पिकअपवाल्यांचा, आणि आपल्याकडे जुन्या पिकअपच जास्त.

खरा फरक आतल्या स्वभावात आहे. इंजिन चालू असताना बेअरिंगला सतत ऑइल लागतं. काही सेकंद जरी ते बंद झालं तरी लोखंडावर लोखंड घासतं आणि हजारोंचं काम निघतं. म्हणून ऑइल फिल्टरमध्ये, किंवा तो बसतो त्या बैठकीत, एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. कागद चोंदला की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातं. घाण ऑइल चालेल, पण ऑइल थांबता कामा नये, असा हिशेब. डिझेल फिल्टरला असली चोरवाट सहसा ठेवतच नाहीत. तिथला हिशेब बरोब्बर उलटा आहे: गाडी बंद पडली तर पडू दे, पण घाण डिझेल पुढे जाता कामा नये.

एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. डिझेल फिल्टर चोंदला की तो बोंब मारतो. भरलेली गाडी चढाला मान टाकते, झटके देते, सकाळी लवकर चालू होत नाही. ऑइल फिल्टर मात्र चोंदला तरी बोलत नाही, गाडी नेहमीसारखी पळते आणि आतून झिजत राहते. म्हणून ओढ गेल्यावर डिझेल फिल्टरकडे बघायला निदान निमित्त मिळतं. ऑइल फिल्टरचं निमित्त एकच, किलोमीटरचा आकडा. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय त्यावर ऑइलबरोबर फिल्टर बदलायचाच. "ऑइल नवं टाका, फिल्टर पुढच्या वेळी" असं म्हणणारे गिऱ्हाईक मला रोज भेटतात. उसाच्या फडातल्या धुळीत गाडी फिरवणाऱ्यांनी तर पुस्तकातल्या आकड्याचीही वाट बघू नये.

डिझेल फिल्टर एवढा कडक का, तेही सांगतो. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या सिलिंडरना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजेक्टरपर्यंत, म्हणजे फवारा मारणाऱ्या भागापर्यंत, पोचतं तेव्हा त्याचा दाब दीड हजार बारच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरात जेवढी हवा असते, तिच्या तीनशे पटींहून जास्त. एवढा दाब धरायचा तर आतल्या भागांतली फट दोन-तीन मायक्रॉनचीच ठेवावी लागते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणून डिझेल फिल्टरचा कागद चार-पाच मायक्रॉनचा कणही अडवायला बघतो. ऑइल फिल्टरचा कागद त्यामानाने मोकळा असतो, वीस-पंचवीस मायक्रॉनच्या घरातला, कारण त्यातून दर मिनिटाला कितीतरी लिटर ऑइल जायचं असतं.

आणि पाणी. आमच्या भागात याचंच दुखणं मोठं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे टाकीत किंवा फिल्टरमध्ये पाणी शिरलं की ते तळाला बसतं. बुडाला स्क्रू दिलाय तो त्यासाठीच. पाहुण्यांच्या गाडीखाली मी पाण्याची रिकामी बाटली धरली आणि स्क्रू दोन आटे सैल केला. बाटली कठड्यावर ठेवून चहा मागवला. चहा येईपर्यंत खाली दोन बोटं गढूळ पाणी, वर पिवळसर डिझेल आणि मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ.

"हे कुठनं आलं ओ?"

बागेत डिझेलचं बॅरल उघड्यावर ठेवलेलं, त्यातनं कॅननं गाडीत ओतायची सवय. रात्री गारव्यानं बॅरलला आतून घाम सुटतो आणि त्याचंच पाणी होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा तर गाड्यांच्या टाक्यांतच पूर शिरला होता. त्यानंतरचे काही आठवडे आम्ही डिझेल फिल्टरशिवाय दुसरं काही विकलंच नाही असं वाटायचं.

डॅशबोर्डवरचे दिवेही लोक एकमेकांत मिसळतात. तेलाच्या बुधलीचं चित्र लाल पेटलं तर ते ऑइलच्या दाबाचं: गाडी बाजूला घ्या आणि इंजिन त्या क्षणी बंद करा. फिल्टरखाली थेंब असं चित्र पिवळं पेटलं तर डिझेलमध्ये पाणी साठलंय: सावकाश जा आणि पाणी काढून घ्या. लाल दिव्यावर "गावापर्यंत जाऊ की" म्हणणाऱ्यांची इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत.

विकत घेताना आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं धरू नका. आटे थोड्याच मापांचे असतात, त्यामुळे परक्या गाडीचा डबाही छान फिरून बसतो. पण आतला व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, आहे की नाही, रिंगचा घेर केवढा, हे बाहेरून दिसत नाही. ऑइल फिल्टरमध्ये आणखी एक रबरी पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली उतरू न देणारा. तो हलका असला की सकाळी चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद टकटक ऐकू येते. म्हणून जुना डबा किंवा त्यावरचा नंबर घेऊन या. मॉडेल आणि साल सांगितलं तरी चालेल, फक्त "काळा डबा" म्हणू नका.

बसवतानाही दोघांचे लाड वेगळे. ऑइल फिल्टरच्या रिंगला बोटानं ऑइल लावायचं, रिंग टेकली की हातानंच आणखी पाऊण फेरा. पान्यानं आवळलं की पुढच्या वेळी सोडवताना शिव्या. तो सैल राहिला तर ऑइल बाहेर गळतं आणि जमिनीवर दिसतं. डिझेल फिल्टर सैल राहिला तर बऱ्याच गाड्यांत काहीच गळत नाही, कारण तिथे डिझेल ओढलं जात असतं. तो उलट हवा आत घेतो, आणि मिस्त्री म्हणतात, "गाडी एअर घेतीय." त्यामुळे नवा टाकल्यावर डिझेल ओढायचा छोटा हातपंप गाडीत असेल तर तो कडक होईपर्यंत दाबायचा, मगच चावी फिरवायची. कॅनमधलं डिझेल नव्या फिल्टरच्या मधल्या भोकात ओतून वेळ वाचवू नका, ते न गाळलेलं डिझेल थेट इंजेक्टरकडे जातं.

पाहुणे डिझेल फिल्टर घेऊन निघाले, तेवढ्यात त्यांना हाक मारून एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. जुना डबा काढल्यावर त्याची रबर रिंग डब्याबरोबर आली का बघा. कधीकधी ती वरच चिकटून राहते, नवी तिच्यावर बसते, आणि कराडच्या अलीकडेच फिल्टर परत फिरवायची वेळ येते.