पार्श्वभूमी : वेम्बलीतला डिंग

स्नूकरमधला एखादा कोवळा खेळाडू मोठ्या सामन्यात कोसळला की जुन्या चाहत्यांना २१ जानेवारी २००७ चा दिवस आठवतो. लंडनच्या वेम्बली अरेनात मास्टर्स या मानाच्या स्नूकर स्पर्धेची अंतिम लढत होती. समोर इंग्लंडचा रॉनी ओ'सुलिव्हन आणि इकडे चीनचा १९ वर्षांचा डिंग जुनहुई. विजेतेपदासाठी दहा फ्रेम, म्हणजे दहा डाव, जिंकायच्या होत्या. बारा फ्रेम झाल्या तेव्हा रॉनी ९-३ ने पुढे होता. डिंग खुर्चीतून उठला आणि त्यानं हात पुढे केला. सामना संपला असं त्याला वाटलं होतं. एक फ्रेम अजून बाकी होती. रॉनीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला समजावलं आणि जवळ धरूनच बाहेर नेलं. पोराचे डोळे भरून आले होते. परत येऊन तो ती फ्रेमही हरला. निकाल १०-३.

त्याच्या अंगावर केवढं ओझं होतं, ते मागं जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. डिंग चीनमधल्या यिशिंग शहराचा. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी तो २१ वर्षांखालील जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी इंग्लंडला आला. एप्रिल २००५ मध्ये, अठरा पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा त्यानं बीजिंगमध्ये माजी जगज्जेत्या स्टीफन हेंड्रीला ९-५ असं हरवून चायना ओपन जिंकली. तो सामना चीनमध्ये अकरा कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक माजी जगज्जेता स्टीव्ह डेव्हिस याच्यावर १०-६ अशी मात करून त्यानं यूके चॅम्पियनशिपही घेतली. खुद्द रॉनीलाही त्यानं २००६ च्या नॉर्दर्न आयर्लंड ट्रॉफीच्या अंतिम फेरीत हरवलं होतं. आणि याच मास्टर्समधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात त्यानं १४७ चा ब्रेक केला होता, म्हणजे एकाच पाळीत सलग १४७ गुण : पंधरा लाल चेंडू, प्रत्येक लालमागून काळा, मग सगळे रंग.

म्हणूनच अंतिम सामन्यात पहिल्या दोन फ्रेम त्यानं घेतल्या तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. पुढं मात्र रॉनी असा काही खेळला की डिंगला बराच वेळ नुसतं बसून पाहावं लागलं. स्नूकरमधली ही शिक्षा फार क्रूर असते. समोरचा पॉटमागून पॉट करतो, एकेक चेंडू टेबलाच्या खिशात घालत राहतो, आणि तुमच्या हातात क्यू, म्हणजे खेळायची काठी, असून नसल्यासारखी.

प्रेक्षकांचंही सांगायला हवं. रॉनी लंडनजवळच्या एसेक्समध्ये वाढलेला, त्यामुळं वेम्बली त्याचं घरच. त्यातून महिनाभरापूर्वीच तो यॉर्कमध्ये हेंड्रीविरुद्धचा सामना अर्धवट सोडून निघून गेला होता. लाडका खेळाडू सावरतोय म्हटल्यावर त्याच्या चाहत्यांना उधाण आलं, हे मी समजू शकतो. पण त्यांतल्या काहींनी डिंगला उद्देशून जी शेरेबाजी केली, ती मला आजही खुपते. परक्या देशात, परक्या भाषेत एकटा बसलेला मुलगा होता तो. त्या गोंगाटात त्याला सगळ्यात आधी जवळ केलं ते त्याला हरवणाऱ्यानंच.

लगेच एप्रिलमध्ये शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात, जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पुन्हा रॉनीच वाट्याला आला आणि डिंग १०-२ ने हरला. सावरायला त्याला वेळ लागला.

आपल्याकडचे चाहते डिंगला ओळखतात ते आणखी एका सामन्यामुळं. २०१३ मध्ये दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत मुंबईचा आदित्य मेहता पोहोचला होता. रँकिंग स्पर्धेची, म्हणजे जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. डिंगनं त्याला ५-० असं हरवलं. सहा वर्षांपूर्वी वेम्बलीत नुसतं बसून राहण्याची पाळी ज्याच्यावर आली होती, तोच आता टेबलावर होता आणि खुर्चीत आपला आदित्य.

वेम्बलीचा हिशेब त्याआधीच चुकता झाला होता. जानेवारी २०११ मध्ये त्याच अरेनात डिंगनं हाँगकाँगच्या मार्को फूला १०-४ असं नमवून मास्टर्स जिंकली. पुढच्या वर्षी स्पर्धा वेम्बली सोडून अलेक्झांड्रा पॅलेसला गेली.