गुन्हे-विनोदपट : कथानकरचना व पात्रभूमिका

चोरी, अपहरण, तोतयेगिरी, बनावट नोटा किंवा प्रेताची विल्हेवाट असा एखादा गुन्हा ज्याच्या कथानकाचा कणा असतो, पण जो पाहताना धाकापेक्षा हसू अधिक येते, तो चित्रपटप्रकार. नुसता वेंधळा हवालदार किंवा बोबडा गुंड असल्याने चित्रपट या वर्गात बसत नाही. गुन्हा वगळला तर गोष्टच उरू नये, ही साधी कसोटी. रहस्यपटात गुन्हेगार कोण हे प्रेक्षकापासून दडवलेले असते. येथे प्रेक्षकाला सारे ठाऊक असते आणि पडद्यावरची माणसे एकमेकांबद्दल अंधारात असतात. या प्रकाराची चर्चा सहसा परदेशी चित्रपटांपासून सुरू होते. प्रस्तुत नोंदीत सातारा-सांगलीकडील रंगभूमीला जास्त जागा दिली आहे, त्याचे कारण पुढे येईल.

कथानकरचना : गुन्हे-विनोदपटाचे कथानक माणसांपेक्षा ऐवजाच्या मागे चालते. दागिन्यांचा डबा, नोटांची पिशवी, तसबीर, मृतदेह, काहीही चालेल. ती वस्तू हातोहात फिरते आणि ज्याच्या हाती जाते त्याचा स्वभाव उघडा पाडते. हेतू, जमवाजमव, बेत, विघ्न आणि निस्तरणे असे पाच टप्पे साधारणपणे दिसतात. नाट्यशास्त्रातील मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधींशी त्यांची सांगड काहींनी घातली आहे. ती ओढूनताणून वाटते. संधी या नायकाच्या फलप्राप्तीशी बांधलेल्या असतात, तर येथे फळ बहुधा कोणालाच मिळत नाही.

बेताच्या टप्प्याचा एक नियम पटकथाकार कसोशीने पाळतात. बेत प्रेक्षकाला आधी तपशीलवार सांगितला, तर तो फसलाच पाहिजे. आणि जो बेत यशस्वी व्हायचा आहे तो आधी सांगायचा नाही. सांगितलेला बेत जसाच्या तसा पार पडला तर प्रेक्षक तीच गोष्ट दोनदा पाहतो.

विघ्न बाहेरून आलेले नसावे, कामाच्या पद्धतीतूनच निघावे. उदाहरणादाखल एक कल्पित कथानक घेता येईल. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. अशा एका पेवात व्यापाऱ्याने हिशेबाबाहेरची रोकड दडवली आहे आणि तिघांना ती रात्रीत काढायची आहे. पेव उघडल्या उघडल्या आत उतरता येत नाही. आतली हवा कोंदलेली असते, म्हणून आधी कंदील सोडून पाहतात. तो विझला तर थांबावे लागते. चोरांना घाई आणि पेवाला सवड, हा पहिला विनोद. वाट पाहता पाहता राखणदार येतो, गप्पा मारत बसतो, तंबाखू मागतो. शेवटी पैसे घेऊन वर आलेला गडी नखशिखांत पिवळा झालेला असतो. तो पिवळेपणा खरे तर पुरावा. पण समोरून वरात येते आणि त्याला हळद लागलेला नवरदेव म्हणून खपवावे लागते. पुढचा अर्धा चित्रपट त्या लग्नातून सुटण्यात जातो. पुरावाच वेषांतर ठरणे आणि वेषांतरातून नवा गुन्हा उभा राहणे ही या प्रकारातील सर्वांत फलदायी युक्ती होय. पी हळद नि हो गोरी, यावरचा विनोद अशा पटकथेत टाळणे अवघडच.

उगमाविषयीचे वाद : प्रचलित मत असे की हा प्रकार युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर घडला. त्याला आधार भक्कम आहे. १९५१ च्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ या ब्रिटिश चित्रपटात बँकेचा एक पापभीरू कारकून चोरलेले सोने वितळवून त्याचे आयफेल टॉवरचे छोटे पुतळे करतो. १९५५ मध्ये ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटाने दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग संवादाशिवाय व संगीताशिवाय दाखवला. १९५८ मध्ये मारिओ मोनिचेल्ली या इटालियन दिग्दर्शकाने अशा गंभीर दरोडापटांची थट्टा करणारा चित्रपट काढला. त्यातले चोर भलतीच भिंत फोडतात, स्वयंपाकघरात निघतात आणि तिथला रांधलेला पदार्थ खाऊन परततात. टोळी जमवणे, प्रत्येकाला एक हुन्नर देणे आणि एकाच कामगिरीवर सारा चित्रपट उभा करणे ही चौकट येथूनच जगभर गेली, याविषयी फारसे दुमत नाही.

ऐवजाच्या प्रवासाचे तंत्र मात्र याहून पुष्कळ जुने आहे. शूद्रकाच्या नावावर असलेल्या ‘मृच्छकटिक’ या दहा अंकी संस्कृत नाटकात ते पूर्ण विकसित रूपात आढळते. वसंतसेना ही गणिका आपले दागिने नायक चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. तिसऱ्या अंकात शर्विलक हा चोर भिंत फोडून ते चोरतो. चौर्यशास्त्राचे आचार्य आठवत तो भोकाचा आकार ठरवतो आणि दोरी विसरल्यामुळे माप घ्यायला जानव्याचा उपयोग करतो. डबा शोधण्याचे श्रमही त्याला पडत नाहीत. झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय तो आपणहून त्याच्या हाती देतो. शर्विलक तो आपली प्रेयसी मदनिका हिला दासीपणातून सोडवण्यासाठी नेतो, आणि मदनिकेची मालकीण वसंतसेनाच असल्याने डबा मूळ धनिणीकडे पोचतो. पुढे तेच दागिने चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत पडतात आणि नवव्या अंकात न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली घसरून खुनाचा पुरावा ठरतात. सहाव्या अंकात गाड्यांची अदलाबदल आहे. वीरक आणि चंदनक हे दोन रक्षकही तिथेच भेटतात. फरारी आर्यकाला वाचवण्यासाठी चंदनक मुद्दाम भांडण उकरून काढतो. आजच्या चित्रपटातील भांडखोर पोलीस जोडीचे याहून जुने उदाहरण सहज सापडणार नाही.

या नाटकाचा काळ अनिश्चित आहे. सर्वसाधारणपणे तो इसवी सनाच्या दुसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान कोठेतरी धरतात. त्रावणकोरात विसाव्या शतकाच्या आरंभी सापडलेल्या आणि गणपतिशास्त्री यांनी भासाच्या म्हणून प्रसिद्ध केलेल्या नाटकांपैकी ‘चारुदत्त’ हे चार अंकांचे नाटक ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या चार अंकांशी फार जुळते, चोराचे नाव तेथे सज्जलक आहे. ‘चारुदत्त’ आधीचे आणि शूद्रकाने ते वाढवले, असा एक पक्ष. ‘चारुदत्त’ ही मोठ्या नाटकाची रंगभूमीसाठी केलेली कापीव प्रत, असा दुसरा. पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. आपल्या विषयापुरते एवढे महत्त्वाचे की घरफोडीचा विनोदी प्रसंग दोन्हींत आहे, म्हणजे तो प्रेक्षकांना बराच आधीपासून रुचत असावा.

सांगलीचा संबंध येथे येतो. ‘मृच्छकटिक’ मराठी संगीत रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे हरिपूरचे. त्यांचेच ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे आधीचे गद्य रूप ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे १८९३ चे. मोल्येर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत रचलेल्या नाटकाचा त्याला आधार आहे. त्यात गुन्हा नाही, पण एक तसबीर हातोहात फिरून दोन घरांची झोप उडवते. प्रवासी ऐवजाचे संस्कृत आणि फ्रेंच असे दोन्ही नमुने एकाच नाटककाराने मराठीत आणले, आणि मराठी विनोदी चित्रपटाचे लेखक याच रंगभूमीवर वाढले. म्हणून मराठी गुन्हे-विनोदपटाचे कथानकतंत्र थेट परदेशी दरोडापटांतून आले असे मानण्याचे कारण नाही. तिकडून आली ती टोळीची चौकट.

वगातील पात्रभूमिका : पात्रांचा उगम शोधायचा तर तमाशातील वगाकडे वळावे लागते. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानण्याची प्रथा असून त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा सांगतात. त्यापूर्वी तमाशात कथा नव्हती असे नाही. पण गण, गौळण आणि बतावणी यांच्यानंतर येणारे सलग नाट्य या अर्थाने वग त्या सुमारास स्थिरावला असावा. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) याच पट्ट्यातले. हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. नंतर दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या लिखाणात या मंडळींना सातारकर म्हटलेले आढळते.

वगात पडदा नसतो. पात्राने एक फेरी मारली की गाव बदलते. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार, सावकार, चोर ही मंडळी ठरलेली. संवाद बरेचसे आयत्या वेळचे. या साऱ्यांत सोंगाड्या हा कणा. तो दरबारात हवालदार असतो, पण राजाला उत्तर देता देता समोरच्या गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, सोसायटीच्या कर्जाचा विषय काढतो. कायद्याचा माणूस आणि कायद्याची खिल्ली उडवणारा माणूस एकच असणे, ही वगाची मराठी विनोदाला मिळालेली मोठी देणगी. परदेशी नमुन्यात पोलीस टोळीच्या बाहेरचा आणि तिच्या विरुद्ध असतो. मराठीत तो बहुधा अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. तमाशावरील सरकारी बंदीच्या काळात लोकनाट्य हे नाव रूढ झाले आणि अण्णा भाऊंनी ‘देशभक्त घोटाळे’, ‘कापऱ्या चोर’ अशा लोकनाट्यांत राजाच्या जागी शेठ व पुढारी आणला. सोंगाड्या मात्र राहिला.

वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) हा रंगभूमी आणि चित्रपट यांमधला दुवा. त्याचे आधीचे नाव ‘छपरी पलंगाचा वग’. कोतवालपदासाठी चाललेली चढाओढ आणि राजाच्या पलंगाची चोरी हा त्याचा विषय; म्हणजे रक्षणकर्त्याकडूनच चोरी करवणे. दादा कोंडके यांनी त्यातला हवालदार गाजवला आणि तीच ठेवण चित्रपटात नेली.

चित्रपटातील भूमिका : म्होरक्याकडे बेत असतो, अक्कल असेलच असे नाही. त्याच्या जोडीचा भोळा गडी खरे बोलून बेत उधळतो आणि बहुतेक वेळा खरे बोलल्यामुळेच सर्वांना वाचवतो. हुशार-भोळ्याची ही जोडी १९८० नंतरच्या मराठी चित्रपटांत अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, महेश कोठारे, सचिन यांच्या वेगवेगळ्या जुळण्यांनी इतकी घट्ट केली की टोळीतले इतर सभासद जवळजवळ दिसेनासे झाले. ‘गंमत जंमत’ (१९८७) मध्ये पैशासाठी श्रीमंत मुलीचे अपहरण दोघेच करतात. त्याच वर्षीच्या ‘दे दणादण’मध्ये भोळा गडी स्वतःच हवालदार आहे. तिजोरी फोडणारा, मोटार हाकणारा, नकला करणारा असे हुन्नरी साथीदार मराठीत क्वचितच येतात. त्यांच्याऐवजी नात्यागोत्याची माणसे येतात : मेव्हणा, घरमालकीण, गावाकडून आलेला चुलता.

ग्रामीण पार्श्वभूमी असेल तर पोलीस पाटलाची भूमिका विशेष उपयोगी पडते, आणि लेखकांनी तिचा व्हावा तेवढा उपयोग केलेला नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला हा माणूस गावचाच असतो, त्याला गणवेश नसतो आणि संशयित हा बहुधा त्याच्या भावकीतला निघतो. पंचनाम्याला पंच कोण बसवायचे, यावरच एक प्रवेश उभा राहू शकतो.

खरा खलनायक टोळीत नसतो. तो ज्याला लुटायचे तो असतो. प्रेक्षकाची सहानुभूती चोराकडे वळायची तर मालकाचा पैसा चोरापेक्षाही वाईट वाटेने आलेला असला पाहिजे. सातारा भागात हा विचार रुजायला ऐतिहासिक कारणही आहे. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ मध्ये, क्रांतिकारकांनी शेणोलीजवळ सरकारी रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली आणि लोकस्मृतीत ती लूट पराक्रम म्हणूनच राहिली. प्रसंग गंभीर होता, विनोदाशी त्याचा संबंध नाही. पण पैसा कोणाचा हे पाहून चोरीचा निवाडा करणारा प्रेक्षक या मुलखाला नवा नव्हता.

स्त्रीभूमिका तुलनेने मर्यादित राहिल्या. नायिका, ओलीस ठेवलेली मुलगी आणि टोळीला नकळत आसरा देणारी म्हातारी, एवढेच साचे. यांतली म्हातारी सर्वांत समर्थ. १९५५ च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये वादकांची सोंगे घेतलेली टोळी एकामागून एक संपते आणि पैसा घरमालकिणीकडे उरतो. वगातील मावशीचे तिच्याशी नाते जोडण्याचा मोह होतो; परंतु मावशी गौळणीतली, आणि तिचे काम कृष्णाला अडवण्याचे.

शेवट : ऐवजाचे काय करायचे, हा या प्रकाराचा खरा तांत्रिक प्रश्न. अमेरिकेत १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या निर्मिती-संहितेनुसार गुन्ह्याला फळ मिळालेले दाखवता येत नसे. ती १९६८ मध्ये संपली. भारतात १९५२ च्या चित्रपट अधिनियमाखालील मार्गदर्शक तत्त्वेही समाजविघातक कृत्यांचे उदात्तीकरण नको म्हणतात. त्यातून ठरावीक तोडगे रूढ झाले. नोटा वाऱ्यावर उडतात, जळतात, बनावट निघतात, नाहीतर देवळाच्या दानपेटीत जातात. हिंदीतील ‘जाने भी दो यारों’ (१९८३) याला ठळक अपवाद आहे. त्यात मृतदेह महाभारताच्या नाट्यप्रयोगात शिरतो, गोंधळ टिपेला पोचतो, आणि शेवटी शिक्षा होते ती दोन निरपराध छायाचित्रकारांना. मराठी निर्मात्यांनी ही वाट सहसा धरली नाही. मराठीत फौजदार येतो, मुद्देमाल जप्त होतो आणि टोळीला बक्षीस किंवा नोकरी मिळते.