माहिया प्रक्षेपण तळ

माहिया प्रक्षेपण तळ : न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, नेपियर आणि गिझबर्न या शहरांच्या दरम्यान समुद्रात घुसलेल्या माहिया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावरील व्यापारी अवकाश प्रक्षेपण केंद्र. ते रॉकेट लॅब ही कंपनी चालवते. कंपनीच्या दप्तरी त्याचे नाव ‘लाँच कॉम्प्लेक्स १’. सरकारी तळाचा कोपरा भाड्याने न घेता खासगी कंपनीने स्वतः उभारलेले, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत उपग्रह पाठवणारे हे जगातील पहिले केंद्र मानले जाते. उद्‌घाटन सप्टेंबर २०१६ मध्ये झाले आणि पहिले उड्डाण २५ मे २०१७ रोजी.

खानदेशात माहियाचे नाव चर्चेत आले ते २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी. पावणेआठच्या सुमारास जळगाव जिल्ह्यासह उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भाच्या आकाशात जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग दिसली आणि गच्चीगच्चीवरून मोबाईल वर झाले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे तर्क चालू असतानाच एक धागा हाती लागला. त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार ६ वाजून ११ मिनिटांनी माहियाहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट सुटले होते. वेळ इतकी जुळली, की पहिल्या बातम्यांत त्याच रॉकेटकडे बोट दाखवले गेले. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा (रॉकेटचा, काम संपल्यावर सुटणारा भाग) असल्याचे अवकाशातील वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे, धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. माहियावरचा संशय मुळातच कच्चा होता. इलेक्ट्रॉनचा पहिला टप्पा काही मिनिटांत पॅसिफिक महासागरात पडतो, आणि कक्षेपर्यंत पोचलेला दुसरा टप्पा दीड तासात खाली येत नाही.

जागेची निवड याच हिशेबाने झाली आहे. रॉकेटचा रिकामा टप्पा कुठे पडेल, बिघाड होऊन रॉकेट नष्ट करावे लागले तर खाली कोण असेल, हे प्रश्न प्रक्षेपण तळाच्या बाबतीत यंत्रसामग्रीच्या आधी येतात. माहियाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला हजारो किलोमीटर उघडा समुद्र आहे, जहाजे व विमाने थोडी आहेत, द्वीपकल्पावरील वस्तीही तुरळक. त्यामुळे एकाच ठिकाणाहून अनेक कोनांत रॉकेट सोडता येते. ध्रुवांवरून जाणाऱ्या सूर्य-समकालिक कक्षेसाठी (जिच्यात उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी साधारण एकाच स्थानिक वेळेला जातो) दक्षिणेचा मार्ग मोकळा मिळतो. कंपनीने आधी दक्षिण बेटावरील कायटोरेटे स्पिट हा वाळूचा पट्टा निवडला होता. तेथील परवानग्या लांबू लागल्या, आणि २०१५ च्या अखेरीस माहियाचा निर्णय झाला.

तळ ज्या ‘ओनेनुई स्टेशन’ या विस्तीर्ण कुरणावर आहे, तेथे आजही मेंढ्या आणि गुरे चरतात. जमीन तवापाटा साउथ या माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) भूधारकांच्या संस्थेची असून कंपनीने ती भाडेपट्ट्याने घेतली आहे. दोंडाईचाजवळच्या वीज प्रकल्पाच्या भूसंपादनाचा वाद ज्यांनी जवळून पाहिला, त्यांच्या हा फरक लगेच लक्षात येईल : येथे रॉकेट आले, तरी जमिनीची मालकी हलली नाही.

सुविधा : प्रत्यक्ष बांधकाम अपेक्षेपेक्षा आटोपशीर आहे. दोन प्रक्षेपण मंच, रॉकेट जोडण्याची शेड, उपग्रहांसाठी धूळमुक्त खोल्या, केरोसीन व द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या, आणि रॉकेट आडवे आणून उभे करणारा कलता मनोरा. रॉकेटची जुळणी ऑकलंडच्या कारखान्यात होते आणि ते रस्त्याने माहियाला येते. उड्डाणाचे मुख्य नियंत्रणही ऑकलंडहूनच चालते. ‘अ’ मंच सुरुवातीपासूनचा, तर ‘ब’ मंचावरून पहिले उड्डाण २८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. तळाला दर ७२ तासांनी एक, म्हणजे वर्षाला १२० उड्डाणांपर्यंत मुभा आहे. प्रत्यक्ष वेग त्याच्या जवळपासही नाही : २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनची एकूण १६ उड्डाणे झाली, त्यांतील बहुतेक येथून. उरलेली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या वॉलॉप्स बेटावरून झाली, जेथे कंपनीचा दुसरा तळ आहे.

इलेक्ट्रॉन हे छोटे रॉकेट : उंची १८ मीटर, व्यास १.२ मीटर, आणि पृथ्वीनजीकच्या कक्षेत नेण्याची क्षमता सुमारे ३०० किलो. सांगाडा कार्बन संमिश्राचा. पहिल्या टप्प्यात ‘रदरफर्ड’ नावाची नऊ इंजिने असतात. त्यांचे मुख्य भाग त्रिमितीय छपाईने बनतात आणि इंधनाचे पंप बॅटरीवर फिरतात. कक्षेत जाणाऱ्या रॉकेटमध्ये विजेचे पंप वापरण्याची ही पहिलीच वेळ होती.

प्रक्षेपणांचा इतिहास : पहिल्या उड्डाणाचे अपयश विलक्षण म्हणावे लागेल. रॉकेट सुमारे २२४ किलोमीटर उंचीवर, म्हणजे अवकाशात पोचले होते आणि त्याच्यात काहीही बिघाड नव्हता. जमिनीवरील कंत्राटदाराच्या उपकरणाची मांडणी चुकल्याने माहिती येणे थांबले, आणि रॉकेट कुठे आहे हे कळत नाही म्हटल्यावर सुरक्षा अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे उड्डाण थांबवले. दुसऱ्या उड्डाणाच्या वेळी, जानेवारी २०१८ मध्ये, धोक्याच्या क्षेत्रात बोटी शिरल्याने एक प्रयत्न सोडून द्यावा लागला. अखेर २१ जानेवारीला रॉकेट कक्षेत पोचले. त्यात ‘ह्युमॅनिटी स्टार’ हा चकाकणारा गोळाही गुपचूप ठेवलेला होता. लोकांनी वर पाहावे एवढाच त्याचा उद्देश. दुर्बिणीतून निरीक्षण करणारे त्यावर चांगलेच भडकले. दोन महिन्यांत तो वातावरणात जळून गेला.

नियमित व्यापारी उड्डाणे नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झाली. त्यानंतर तीन मोठी अपयशे आली. जुलै २०२० मध्ये एक विद्युत जोडणी तापून सुटली आणि सात उपग्रह गेले. मे २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे इंजिन पेटल्यावर लगेच बंद पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीजपुरवठ्यात ठिणगी पडून उड्डाण फसले. तिन्ही वेळा दोष दुसऱ्या टप्प्याच्या कामकाजात होता, आणि प्रत्येक वेळी काही महिन्यांत किंवा आठवड्यांत उड्डाणे पुन्हा सुरू झाली. जून २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनचे ५० वे उड्डाण येथूनच झाले.

सर्वांत गाजलेली मोहीम २८ जून २०२२ ची. ‘नासा’साठीचे सुमारे २५ किलोचे ‘कॅपस्टोन’ यान येथून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये चंद्राभोवतीच्या लांबट कक्षेत स्थिरावले. त्या प्रक्षेपणाच्या काही आठवडे आधी, २ मे रोजी, आधीच्या एका उड्डाणातला पॅराशूटने उतरणारा पहिला टप्पा हेलिकॉप्टरने हवेतच आकड्यात पकडला होता. भार वेगळा जाणवल्याने वैमानिकाने तो सोडून दिला. पुढे कंपनीने ही कसरत बंद केली आणि टप्पा समुद्रात उतरवून उचलण्याचा मार्ग धरला.

वाद : न्यूझीलंडने बाह्य अवकाशविषयक कायदा २०१७ मध्ये केला, प्रत्येक उपग्रहासाठी मंत्र्यांची परवानगी लागते. अमेरिकेच्या गुप्तचर व लष्करी संस्थांचे उपग्रहही येथून जातात. १९८७ पासून कायद्यानेच अण्वस्त्रमुक्त असलेल्या या देशात त्यावर आक्षेप घेतले गेले, विशेषतः मार्च २०२१ मध्ये अमेरिकी सैन्याचा ‘गनस्मोक-जे’ उपग्रह गेला तेव्हा. कंपनी आर्थिकदृष्ट्या अमेरिकी आहे आणि तिचे मोठे गिऱ्हाईकही अमेरिकी सरकार आहे. त्यामुळे हा वाद मिटण्यासारखा नाही.

खानदेशच्या नजरेतून : मोकळी माळराने आणि कोरडी हवा पाहून असा तळ धुळे-नंदुरबारकडे का नाही, असे कोणालाही वाटेल. अक्षांशाच्या बाबतीत जळगाव माहियापेक्षा उजवे आहे. जळगाव २१ अंशांवर, माहिया ३९ अंशांवर. पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेकडे मिळणारा वेग जळगावला सेकंदाला सुमारे ४३४ मीटर, तर माहियाला ३६१ मीटर. पण पूर्वेला सोडलेल्या रॉकेटचा टप्पा विदर्भात नाहीतर छत्तीसगडमध्ये पडेल, दक्षिणेला सोडलेल्याचा मराठवाड्यात. समुद्र जवळ आहे तो पश्चिमेला, तापी जाते त्या बाजूला. तिकडे सोडले तर पृथ्वीचा वेग उलटा पडतो, आणि वाटेत दाट वस्तीचा सुरत पट्टा आहेच.

भारतातही जागा याच हिशेबाने शोधली गेली. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जाताना रॉकेटला श्रीलंका टाळण्यासाठी वळण घ्यावे लागते आणि त्यात इंधन खर्च होते; मोठ्या रॉकेटला हे परवडते, छोट्याला जड जाते. म्हणून तमिळनाडूत तूत्तुकुडी जिल्ह्यातील कुलशेखरपट्टिनम येथे ‘इस्रो’च्या दुसऱ्या तळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. तेथून रॉकेट सरळ दक्षिणेला, हिंदी महासागरावरून जाऊ शकेल. तो मुख्यतः ‘एसएसएलव्ही’ या ५०० किलोपर्यंतचे उपग्रह नेणाऱ्या छोट्या रॉकेटसाठी आहे.